फौजदाराची कसरत

१४ नोव्हें. १९६०, सोमवार

सौ. सकाळच्या एस.टी.ने अकोल्यास गेली. शांताचं पहिलं बाळंतपण. खरं म्हणजे इथं अमरावतीला, माहेरी व्हायचं. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायची बंदी केलीय. लेक येऊ शकत नाही म्हणून आई गेली. तीन महिने तरी जातील.

स्टँडवर मला निरोप काय, तर "माह्या फौजदाराले पायजा. त्याच्याशी बोलत जाजा. तुमी तं घुमेच." हेच तीन वेळा. तिसऱ्यांदा कंडक्टरनं ऐकलं, म्हणाला, "फौजदार कोन व्हय, भाऊ काय तुमचा?" मी म्हटलं, पोपट आहे. सगळी गाडी हसली. मी नाही हसलो.

नऊ वर्षांचं पाखरू. दिवसभर दांडीवर बसून खायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडायचं, म्हणून नाव फौजदार. शांता सासरी गेल्यापासून सौ. दिवसभर त्याच्याशीच बोलते. मी शाळेत ड्रिल मास्तर. सत्तावीस वर्षं पोरांची पोटं आत घ्यायला लावली. माझ्याच घरात हा असा.

१६ नोव्हें., बुध.

आज मुद्दाम लक्ष ठेवून बसलो. फौ. दिवसभरात काय काय खातो.

सकाळी सहा – शेजारच्या इंगळ्यांची माय. चहात बुडवलेला टोस्ट. पिंजऱ्यात हात घालून भरवते. तिला दात नाहीत, त्याला चोच आहे, दोघांचा टोस्ट एकच.
साडेनऊ – तिचा मुलगा दादाराव इंगळे, पोस्टात कामाला जाता जाता. मूठभर शेंगदाणे.
दुपारी – मोहल्ल्यातल्या बाया दळणाला जाताना. दिवाळीचा उरलेला चिवडा, गाठी, अनारशाचा तुकडा.
संध्याकाळी – पुन्हा दादाराव. पुन्हा शेंगदाणे.

आमच्याकडे कोणीही ओसरीवर आलं की आधी पोपटाला काहीतरी द्यायचं, मग बसायचं. नऊ वर्षं चालू आहे. रिकाम्या हातानं आलेल्याला फौ. ओरडून लाजवतो. मीही कधी अडवलं नाही, कारण मी कधी पाहिलंच नाही.

२० नोव्हें., रवि.

फौ. दांडीवरून पडला. मी दाढी करत होतो, धप् आवाज आला. पिंजऱ्याच्या तळाशी, चोच उघडी, शेपूट धापेबरोबर वरखाली. मी बोट दिलं तर धरता येईना.

बऱ्याच वेळाने चढला. चढला म्हणजे मी चढवला.

दाढी अर्धी तशीच राहिली. पाखराच्या पायी? हो, पाखराच्या पायी. सौ.ला काय तोंड दाखवू?

२१ नोव्हें., सोम.

अर्धी रजा टाकून गुरांच्या दवाखान्यात. बैलांच्या रांगेत मी पिंजरा घेऊन. एक शेतकरी म्हणे, "मास्तर, याले नाल ठोकाची हाये काय?"

डॉक्टर जाणता आहे. फौ.ला उताणं धरून छातीवर बोट फिरवलं. "हे पाहा, मधलं हाड लागाले पायजे, इथं चरबीच लागते. पंख तं चांगले आले याले, यंदा कातरले नाई वाटते. पन उडाले छाती कुठं हाये?" मग हळू आवाजात म्हणाला, "असंच चाललं तं दोन महिने. लय झालं तं तीन."

दोन महिने. सौ. यायच्या आत.

अकोल्याला कळवायचं नाही. तिकडे शांता खाटेवर, सौ. तिच्या उशाशी. अशात हे काय लिहू. संध्याकाळी कार्ड टाकलं: 'फौ. मजेत आहे. काळजी नसावी.' लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. लेखी खोटं पहिल्यांदा.

पण एक ठरलं. पोट मी उतरवून दाखवतो. माझं कामच ते आहे.

२२ नोव्हें., मंगळ.

हुकूम जारी.
१) पहाटे सहाला शिट्टी. पिंजऱ्याबाहेर. हातावर बसवून हात झटकन खाली घ्यायचा, म्हणजे तोल सावरायला पंख फडफडतात. दहा वेळा.
२) खाणं एकदाच, सकाळी. हरभऱ्याचे घाटे, पेरूची फोड, हिरवी मिरची. शेंगदाणा बंद, टोस्ट बंद, चिवडा बंद.
३) पिंजरा ओसरीवरून काढून मागच्या खोलीत.
४) ओसरीवर पाटी, खडूने, मोठ्या अक्षरात: 'पक्ष्यास कोणीही काहीही खाऊ घालू नये.'

पाटी छान दिसते. अक्षर माझं चांगलंच आहे.

२७ नोव्हें., रवि.

वाण्याच्या तागडीवर टोपलीत बसवून वजन केलं. टोपली वजा करून एकशे नव्वद ग्रॅम. डॉक्टर म्हणाला होता, दीडशेच्या आत पाहिजे.

दादाराव इंगळे पाटी वाचून कुंपणाशीच थांबला. "काय मास्तर, छप्पन साली दीक्षा घेतली, आपन सगळे उपासतापास सोडले. अन् तुमी पाखराले उपास धरायले लावून राह्यले?"

मी म्हटलं, हा उपास नाही, शिस्त आहे.

"त्याले विचारलं काय?"

मी पाटीकडे बोट केलं. उगीच वाद. गेला निघून. मुठीतले शेंगदाणे रस्त्यात स्वतःच खाल्ले त्याने, मी पाहिलं.

२ डिसें., शुक्र.

एकशे ब्याऐंशी! उतरतंय. पाच दिवसांत आठ ग्रॅम. शाळेतल्या एकाही पोरानं इतक्या लवकर निकाल दिला नाही.

आवाज मात्र बंद झालाय. ओरडत नाही. शिस्त लागली असावी. ओसरी शांत. इंगळ्यांची माय येत नाही, बाया समोरून जातात, थांबत नाहीत. बरं आहे, वाचन होतं.

५ डिसें., सोम.

पिंजऱ्यात पिसं. आधी वाटलं उंदीर शिरला. मग समोरच पाहिलं: फौ. मान वाकवून छातीवरचं एक पीस धरतो, ओढतो, टाकतो. पुन्हा दुसरं. छातीवर रुपयाएवढी जागा उघडी झालीय, गुलाबी कातडी दिसते. मी "ए!" केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिसरं पीस ओढलं.

पेरूला तोंड लावलं नाही. घाट्यांना नाही. मिरचीही नाही.

६ डिसें., मंगळ.

आज महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी विहारात सगळा मोहल्ला जमला होता. इंगळे दोन माणसं सोडून बसलेला, माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची माय मला ओलांडून गेली. वंदना चालू असता डोळ्यासमोर ते उपटलेलं पीस. मन लागलं नाही.

७ डिसें., बुध.

पुन्हा गुरांचा दवाखाना. वजन उतरल्याचं मी छाती काढून सांगितलं. डॉक्टरने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि माझ्यावरच तापला.

"मास्तर, तुमाले शिपाई तयार कराचा हाये का पाखरू जगवाचं हाये? याले ठेवलं कुठं?"

मागच्या खोलीत.

"बोलते कोन याच्याशी?"

मी म्हटलं, मी शिट्टी देतो.

डॉक्टरने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "अहो, थव्यात राहनारी जात हाये हे. बापजन्मी एकटं राहत नाई. याले गमत नाई म्हनून हे पिसं उपटून राह्यलं. कसरत पायजे, बरोबर. खानं कमी पायजे, तेही बरोबर. पन मानसं कमी कराले कोनं सांगतलं तुमाले?"

कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं.

घरापर्यंत पायी आलो. लोक शेंगदाणे घेऊन येत होते, ते शेंगदाण्यांसाठी नव्हतं. येत होते, बसत होते, बोलत होते. मी शेंगदाण्याबरोबर माणसंही बंद केली. सत्तावीस वर्षं मास्तरकी करून एवढं कळत नाही माणसाला! गाढव. मी.

८ डिसें., गुरु.

पाटी पुसली. पिंजरा परत ओसरीवर. मग इंगळ्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. जायला पाऊण तास लागला. अंतर दहा पावलं.

माय चुलीपुढे. वळलीच नाही. "मास्तर, तुमी आमाले पाटी दाखवली."

म्हटलं, चुकलं माझं.

"मी नऊ साल त्या पाखराले टोस्ट देल्ला. मले का मारायचं होतं त्याले?"

म्हटलं, नाही माय. पण ते मरून राहिलं होतं. आणि मी त्याला वाचवता वाचवता आणखीनच मारून राहिलो. मग दवाखान्याचं सगळं सांगितलं. सौ.ला सांगितलं नाही, हेही सांगितलं. माझा आवाज फुटला, तेही लिहून ठेवतो.

माय उठली, पदराला हात पुसले. "टोस्ट नाई तं नाई. चाला, पायतो मी त्याले."

तिला पाहून फौ. ओरडला. सहा दिवसांनी पहिल्यांदा. काय तो आवाज! कानाला त्रास झाला आणि अंगावर काटा आला.

११ डिसें., रवि.

नवे नियम. मी आणि दादाराव दोघांनी बसून केले. माय मधे मधे दुरुस्त्या सांगत होती.

यायचं सगळ्यांनी. रोज. पण द्यायचं ते माझ्या वाटीतलं: घाटे, तुरीच्या कोवळ्या शेंगा, पेरू. आणि फुकट नाही. आधी त्याने काहीतरी करायचं, दोन पावलं चालायचं, चढायचं, फडफडायचं, निदान बोलायचं. मग एक दाणा. येणाऱ्यानेही बोलायचं, नुसतं देऊन जायचं नाही.

दादाराव म्हणे, "म्हंजे आमालेबी ड्रिल!" होय, तुम्हालाही.

१४ डिसें., बुध.

शाळेच्या आखाड्यातला दोरीचा मल्लखांब बदलला. जुन्या दोरीचा चार हात लांब तुकडा हेडमास्तरांना विचारून आणला. वीतभर अंतरावर गाठी मारल्या, ओसरीच्या वाशाला टांगला. वरच्या टोकाला घाटा बांधला.

फौ.ने खालून पाहिलं. मग माझ्याकडे. मग दोरीला चोच लावली, एक पाय, दुसरा पाय. पहिल्या गाठीवर दम लागला, उतरला. मी शिट्टी खिशातच ठेवली. पुन्हा चढला. दुसऱ्या गाठीपर्यंत!

माझी शाळेतली पोरं पहिल्या दिवशी जमिनीपासून सुटत नाहीत.

१८ डिसें., रवि.

बोलायचं काय, हा मोठा प्रश्न. डॉक्टर म्हणाला रोज दोन वेळा तरी समोर बसून बोला. मला येतच नाही. पहिल्या दिवशी 'सावधान, विश्राम' एवढंच निघालं तोंडातून. माय ओसरीवर हसून हसून पडायची बाकी.

मग सौ.चं पत्र वाचून दाखवलं. शांताच्या अक्षरात, सौ.च्या बोलण्यात: 'फौजदाराले म्हना, बाई लवकर येते. त्याच्या मानेवर खाजवत जाजा, कानाच्या मागं. तिथं त्याचा हात पुरत नाई.' वाचताना फौ.ने मान वाकडी केली आणि डोळे मिटले. मी खाजवलं.

आता रोज शाळेतलं सांगतो. कोण पडला, कोणी दांडी मारली, हेडमास्तर काय म्हणाले. काल लक्षात आलं, हे सगळं मी सौ.ला कधीच सांगत नव्हतो. ती विचारायची, मी 'काही नाही' म्हणायचो. अठ्ठावीस वर्षं काही नाही.

१ जाने. १९६१, रवि.

तागडी: एकशे अडुसष्ट. वाणी आता स्वतःच हाक मारतो, "मास्तर, आना तुमचा पैलवान!" दुकानात पाच माणसं जमतात वजन बघायला.

छातीवर नवी पिसं, कोंब दिसतात. उपटणं थांबलं. दोरी पूर्ण चढतो, वरच्या गाठीवर उलटा लोंबकळतो, तिथून मायला शिव्या देतो. शिव्या कुणी शिकवल्या विचारलं तर दादाराव पोस्टात उशीर होतो म्हणून पळाला.

८ जाने., रवि.

आज घात झाला असता. मी घाई केली. एका दमातली फडफड साठवर गेली म्हणून वाटलं, उडेल. त्याला स्टुलावर ठेवून चार फुटांवर हात धरला. फौ.ने उडी घेतली, पंख मारले, मधेच दम गेला आणि फरशीवर छातीवर आपटला. डोळे मिटले.

मी खाली बसलो, त्याला ओंजळीत घेतलं. छातीतली धडधड माझ्या हाताला लागत होती, की माझीच होती? "फौजदार, ऊठ. ऊठ बा. मी तुले कधी शिट्टी देणार नाई." असं काहीबाही बोललो. घरातल्या भाषेत बोललो, शाळेच्या नाही.

काही वेळानं त्याने माझा अंगठा चावला. रक्त आलं. इतका आनंद मला कुठल्याच दुखण्याचा झाला नाही.

१४ जाने., शनि.

तीळगुळाचा दिवस. बाया ओसरीवर. प्रत्येकीचा हात सवयीने पिंजऱ्याकडे आणि प्रत्येकीला माय ओरडून थांबवते, "नाई! आधी बोला त्याच्यासंगं!" पाटीपेक्षा माय बरी.

गादी अंथरलीय खाली, दोन फुटांपासून पुन्हा सुरुवात. फौ. गादीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. विश्वास बसत नाही त्याचा. बरोबर आहे.

१९ जाने., गुरु.

दोन फूट – आला.
दोन फूट – आला.
अडीच – आला!

२६ जाने., गुरु.

सकाळी मैदानावर संचलन. चारशे पोरं माझ्या शिट्टीवर. सगळं ठीक झालं, पाहुणे खूश, हेडमास्तर खूश. माझं लक्ष घराकडे.

परत आलो, टोपी काढली, अंगणात उभा राहून हात पुढे केला. फौ. ओसरीच्या कठड्यावर. मी बोलावलंही नव्हतं. आला! कठड्यापासून हातापर्यंत सरळ, न डगमगता. टेप लावून मोजलं. नऊ फूट चार इंच!

दादाराव कुंपणावरून, "मास्तर, याले मेडल द्या!" माय रडत होती. मीही. गणवेशात.

९ फेब्रु., गुरु.

अकोल्याहून तार. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी आजोबा.

सगळ्या मोहल्ल्याला मोर्शीची संत्री वाटली. फौ.ला एक फोड. त्याने ती पिळून माझ्या सदऱ्यावर टाकली.

१९ फेब्रु., रवि.

एकशे सेहेचाळीस. दीडशेच्या आत! वाण्याने तागडी वाजवली. तिथूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरने छातीवर बोट फिरवलं. "हाड लागलं!" म्हणाला. मग शेजारी बैल घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही बोट लावायला लावलं. "पाहा, हे मरनार होतं."

अंगण पूर्ण झालं. ओसरी ते मागची भिंत, एकतीस फूट. एका दमात, वळून परतसुद्धा. मी हात केला की येतो. कोणी काही म्हणो, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे.

५ मार्च, रवि.

सौ. आली. साडेतीन महिन्यांनी. पिशवी खाली ठेवायच्या आधी पिंजऱ्याशी. आणि एकदम, "अवं माय! वाळला वं! उपाशी ठेवलं ना तुमी याले?"

मी म्हटलं, बस जरा. पाहा. मी मागच्या भिंतीशी गेलो, हात वर केला. फौ. सुटला. डोक्यावरून तिच्या, पंखांचा वारा तिच्या पदराला लागला, सरळ माझ्या मनगटावर. सौ.ने पिशवी खाली टाकली. मग टाळ्या वाजवायला लागली, लहान पोरीसारखी. "उडते! माहं पाखरू उडते!" माय, दादाराव, सगळे कुंपणाशी. काय सांगू, छाती फुगली माझी.

मग तिने हात पुढे केला. "ये, फौजदार. ये बाप्पा."

फौ.ने तिच्याकडे पाहिलं. आणि माझ्या खांद्यावर चढून बसला.

पुन्हा बोलावलं. पुन्हा. माझ्या कानामागे तोंड खुपसलं त्याने. सौ.चा हात तसाच पुढे. मग घेतला मागे, पिशवी उचलली, आत गेली.

६ मार्च, सोम.

रात्रभर कूस बदलत होती. सकाळी चहा देताना, "त्याचे पंख कातरा."

म्हटलं, वेडी झालीस का? साडेतीन महिने –

"पंख आले म्हनून त्याले माही गरज नाई."

तेव्हा सगळं सांगितलं. पडला ते, दवाखाना, दोन महिने, पाटी, पिसं. तिने कपबशी खाली ठेवली. "अन् मले काहून नाई सांगतलं? मजेत हाये, मजेत हाये. बारा कार्डं लेह्यले तुमी."

तू शांताच्या उशाशी होतीस, म्हटलं.

"मी नऊ साल लाडानं चारलं, अन् मीच मारून राह्यले होते त्याले. हे तुमी मायले सांगतलं, वाण्याले सांगतलं. मले नाई." रडली. मग म्हणाली, "जगवलं तुमी त्याले. पन माह्यापासून तोडलं."

 मला जिंकल्यासारखं वाटत होतं. ती बरोबर बोलत होती आणि मला अजूनही जिंकल्यासारखं वाटत होतं.

पंख कातरणार नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं. म्हटलं, त्यापेक्षा मी तुला शिकवतो.

"मले ड्रिल?"

हो. तुलाही.

९ मार्च, गुरु.

दार लावून खोलीत सराव. सौ. हात फार उंच धरते. म्हटलं छातीच्या रेषेत. हाक फार लाडाची. म्हणाली, "हाक माही हाये, तिले नियम लावू नका." बरं.

दोन फुटांवर एकदा आला तिच्याकडे. एक घाटा घेतला आणि परत माझ्याकडे. तरी सौ.चा चेहरा!

संध्याकाळी ओसरीवर तिला शाळेतलं सांगितलं, सवयीने. कोण पडला, कोणी दांडी मारली. ती तांदूळ निवडणं थांबवून ऐकत होती. "हे तुमी कधीपासून बोलाले लागले?"

११ मार्च, शनि.

चार फुटांवर दोनदा आला. दोन्ही वेळा मी खोलीबाहेर उभा असताना. मी आत असलो की माझ्याकडेच पाहतो. सौ.ने हे हेरलं. 

१२ मार्च, रवि.

सकाळ. हे आत बसून लिहितो आहे.

सहा वाजता अंगणात फौ.ला कठड्यावर सोडलं. रोजच्यासारखं. तेवढ्यात वलगावकडे जाणारा रानपोपटांचा थवा डोक्यावरून गेला, कल्ला करत. फौ.ने मान वर केली. आणि उठला. भिंत नाही, हात नाही, सरळ वर. अंगण गेलं खाली, कौलं गेली खाली. अंगणातल्या कडूलिंबाच्या शेंड्यावर! चाळीस फूट तरी. टेप नाही लागणार त्याला.

नोव्हेंबरात दांडीवर चढता येत नव्हतं याला! मी ओरडलोच, "शाब्बास!" सौ.ही ओरडली. दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. मग दोघांचंही हसू थांबलं.

मी हात वर करायला गेलो. मला माहीत आहे, मी हात केला की येतो. सौ.ने तो धरला, खाली घेतला.

"तुमी नका बोलावू."

गेला तर?

"गेला तं गेला. तुमी बोलावलं तं तुमचाच राहीन. मी बोलावतो. तुमी घरात जा."

मी तिथेच उभा. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं आलो आत. खिडकीकडे पाठ करून बसलोय, कारण तोंड केलं तर उठेन.

तिची हाक येते आहे. "फौजदार... ये बाप्पा... ये." तीच, लाडाची. हात छातीच्या रेषेत आहे की नाही, कोण जाणे. मधेच कुंपणाकडून मायचा आवाज आला, सौ.ने तिलाही गप्प केलं.

थवा पुन्हा आला वाटतं. लांबून कल्ला. त्यात आपला आवाज कोणता, ओळखू येत नाही.

पाच मिनिटं झाली. दहा. हाक चालू आहे.

आता थांबली.

काही ऐकू येत नाही. तिने सांगितलंय, बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. बसलोय.